शिव्यांचं शिवार (भाग ५) : गोठ्यातली आणि रानातली

मागच्या भागात भाज्यांवरून पडणारी नावं पाहिली. या वेळी जनावरं.

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातलं नीराकाठचं गाव. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. ऊस, म्हशी, मेंढरं यांच्या या मुलखात सांगून न कळणारा तो बैल, नुसताच वाढलेला तो हेला, पुढाऱ्याच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणारा तो नंदीबैल. आणि काम टाळून हिंडणारा तो वळू. यांत वळूची गोष्ट वेगळी. देवाच्या नावानं सोडलेला, कुणाच्याही पिकात तोंड घालणारा, पण ज्याच्यावर हात उगारता येत नाही असा. म्हणून ‘वळू झालाय नुसता’ म्हणताना बापाच्या रागात थोडी हतबलताही असते. उमेश कुलकर्णी यांच्या २००८च्या ‘वळू’ चित्रपटात अख्खं गाव याच पेचात सापडलं होतं.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडमंड लीच यांनी १९६४मध्ये इंग्रजीतल्या अशा शिव्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. इंग्रज माणूस कुणाला डुक्कर म्हणाला की भांडण पेटतं. ध्रुवीय अस्वल म्हणाला तर समोरचा नुसता बघत राहतो. असं का? लीच म्हणतात, जनावर आपल्यापासून किती लांब, यावर ते ठरतं. जे धड घरचं नाही, धड रानचं नाही, ते शिवीला सोयीचं. डुकराला घरातलं उरलंसुरलं घालून वाढवायचं आणि शेवटी कापायचं. ती टोचणी शिवीत उतरते.

आपल्याकडे हा नियम निम्माच चालतो. वाघ लांबचा, म्हणून कौतुकाचा, इथवर ठीक. पण बैल? पोळ्याला त्याची शिंगं रंगवायची, पुरणपोळी चारायची आणि दुसऱ्या दिवशी पोराला ‘अरे बैला’ म्हणायचं. मला यात कष्टांचा हिशेब दिसतो. जो निमूट राबतो त्याला अक्कल नसते, असं आपण धरूनच चालतो. गाढवाची तर त्याहून वाईट गत. शिलाहार-यादवांच्या काळातल्या गद्धेगाळांवर, दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचा ओंगळ शाप चक्क दगडात कोरलेला आहे.

लांडगा मात्र लीच यांच्या बाजूनं साक्ष देतो. इंदापूर-बारामतीच्या माळांवर तो अजून आहे. राहतो रानात, पण रात्री मेंढरांच्या वाड्यापर्यंत येतो. दुसऱ्याचं लुबाडणाऱ्याला त्याचं नाव पडलं ते यामुळेच. प्रत्यक्षात लांडग्याची नर-मादी मिळून पिल्लं वाढवतात, पण शिवी देताना हे कोण बघतं!

बिबट्या तर आता जुन्नर-शिरूरच्या उसातच राहायला आला आहे. त्याची शिवी झाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. तुमच्याकडे बिबट्यावरून कुणाला काही म्हणत असतील, तर गावाच्या नावासह जरूर कळवा. पुढच्या भागात पक्षी.