पाण्यावरचा शेजार

बहामातल्या ग्रेट एक्झुमा बेटावर जॉर्ज टाउन हे छोटंसं गाव आहे. हिवाळ्यात तिथल्या एलिझाबेथ हार्बरमध्ये शिडाच्या शेकडो बोटी नांगर टाकून असतात. त्यांतल्या बहुतेकांचा संसार बोटीवरच. ना गल्ली, ना जिना. मग ओळखी होतात कशा?

सकाळी आठ वाजता व्हीएचएफ रेडिओचं चॅनेल ७२ लावायचं. बोटवाल्यांपैकीच कुणीतरी हवामान सांगतं, मग विचारपूस सुरू होते: कोण आलं, कोण निघालं, पंपाचं वायसर कुणाकडे जादा आहे का, कुणाच्या बोटीवर लहान मुलं आहेत का. नव्याने आलेल्याने इथे आपल्या बोटीचं नाव सांगायचं. पुढे हीच त्याची ओळख. आडनाव महिनोन्महिने कुणी विचारत नाही. रेडिओवर कुणाशी बोलायचं तर आधी त्याच्या बोटीचं नाव, मग आपलं, आणि उत्तर आलं की दोघांनी मोकळ्या चॅनेलवर जायचं. तिथेही ज्याला हवं त्याला ऐकता येतं, हे मात्र ध्यानात ठेवावं.

प्रत्यक्ष भेटीला डिंगीतून, म्हणजे बोटीसोबतच्या छोट्या होडीतून, जातात. बोटीजवळ येताच इंजिन हळू करायचं, कडेला हलकेच हात टेकायचा आणि बोटीच्या अंगावर बोटांनी टकटक करायची. या म्हटल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही. बोलावलं तर डिंगीचा दोर त्यांच्या हाती द्यायचा आणि चपला काढायच्या. पुष्कळदा वर जाणं होतच नाही. कठड्याला धरून तासभर गप्पा होतात, आणि मला तरी तेच पुरेसं वाटतं.

गावात शिरायला पुलाखालून अरुंद वाट आहे. ती ओलांडली की आत व्हिक्टोरिया तळं आणि एका दुकानामागचा डिंगीचा धक्का. तिथे फुकट पाण्याचा नळ आहे. आपल्याकडच्या पाणवठ्यावर जे होतं तेच इथे कॅन भरताना होतं: कुणाचा वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) बिघडला, कुणाला नातू झाला, सगळं कळतं.

पण खरी जवळीक होते ती वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट येते तेव्हा वारा दक्षिणेकडून पश्चिमेला, तिथून उत्तरेला फिरतो. पश्चिमेच्या वाऱ्यात गावासमोरच्या स्टॉकिंग बेटाच्या बाजूला आडोसा राहत नाही, म्हणून बोटी गावाच्या बाजूला हलतात आणि दाटीवाटीने थांबतात. अशा वेळी मालक गावात असताना एखाद्या बोटीचा नांगर घसरला, तर आजूबाजूच्या डिंग्या धावतात. कुणी दोन बोटींमध्ये धक्का झेलणारा फेंडर अडकवतं, कुणी वर चढून साखळी आणखी सोडतं. मालक परत येतो तो अनोळखी माणसांनी सांभाळलेल्या घरात. त्या संध्याकाळी त्याच्या बोटीवर सगळ्यांना जेवण असतं.

१ जूनला वादळांचा हंगाम सुरू होतो, म्हणून त्याआधीच पांगापांग होते; कुणी उत्तरेला अमेरिकेकडे, कुणी दक्षिणेला कॅरिबियनकडे. निघताना बोटीचं नाव छापलेली कार्डं दिली-घेतली जातात. मिळालेल्या कार्डामागे लगेच पेनाने लिहून ठेवावं: कुठे भेटलो, मुलांची नावं काय, त्यांचा पुढचा मुक्काम कुठला.