निर्धूर चूल बसली, धुराडे कोण झाडणार?



मेळघाटातील कोरकू घरांत निर्धूर चुली बसवायला आपल्या मंडळ्यांतून मदत येते. देणारे विचारतात, "किती चुली झाल्या?" मला वाटते, दोन पावसाळ्यांनंतर किती चुलींचा धूर अजून छपरावरून निघतो, हे विचारावे. नांदगाव पेठला माझ्या घरी गॅस आहे, तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच होते. म्हणून हे लिहितो आहे.

अशी चूल आपल्याला नवी नाही. शेजारच्या वर्ध्याला, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पा यांच्या ग्रामोद्योग संघाच्या कामातून 'मगन चूल' पुढे आली. पुढे १९८३ पासून सुमारे वीस वर्षे केंद्र सरकारने देशभर सुधारित चुली वाटल्या. त्यांतल्या बऱ्याच मोडल्या किंवा बुजल्या. एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी ओडिशातील खेड्यांत अशा चुलींचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण नंतर फरक उरला नाही. चुलींची डागडुजी आणि सफाई होत नव्हती, लोक त्या वापरेनासे झाले होते.

कारण साधे आहे. धुराड्यातली गरम हवा वर जाते आणि आपल्यामागे धूर ओढून नेते. आत काजळी साचली की वाट अरुंद होते, ओढ कमी पडते, आणि धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो. ओले लाकूड जाळले तर काजळी डांबरासारखी चिकट बसते. आपल्याकडच्या पऱ्हाट्या-तुराट्या वाळलेल्या असल्या तर चांगल्या जळतात, पण पावसाळ्यात उघड्यावर राहिल्या की त्याच धुराड्याच्या वैरी होतात. चार दिवसांचे सरपण चुलीजवळ, पण जाळापासून लांब, आडोशाला ठेवावे.

धुराडे महिन्यातून एकदा झाडावे, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. चूल पूर्ण गार हवी. वरची टोपी काढायची, लांब बांबूच्या टोकाला चिंध्यांचा घट्ट बोळा बांधायचा आणि वरून खाली चार-पाच वेळा फिरवायचा. त्याआधी वैलावर ओले फडके टाकायचे, नाहीतर सगळे घर काळे. पडलेली काजळी वैलाच्या तोंडातून काढून घ्यायची. तोंडाला फडके बांधावे. टोपीची जाळीही खरवडावी, ती बुजली तर खालची मेहनत वाया. हे छपरावर चढण्याचे काम आहे, आणि माझ्या मते ते घरच्या पुरुषाने करावे. चूल बाईची आणि धुराडे कोणाचेच नाही, असे फार घरांत दिसते.

आणखी दोन खोडी नेहमी आढळतात. मोठे लाकूड मावावे म्हणून चुलीचे तोंड कोरून रुंद करतात, मग ओढ जाते. आणि वैलावर भांडे नसले तर धूर तिथूनच वर येतो. काही शिजवायचे नसेल तर पाण्याचे पातेले ठेवावे.

भेगा बुजवायला आपली काळी माती घेऊ नये, ती वाळली की आकसते आणि पुन्हा फाटते. पांढरी माती, शेण आणि गव्हांडा एकत्र मळून रात्रभर मुरू द्यावे. भेग आधी ओली करावी, मग लिंपावे. दोन दिवस जाळ करू नये. रोजचे पोतेरे त्यानंतर.

राख रोज काढावी, पण लगेच उकिरड्यावर नाही. आतला निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, आणि उन्हाळ्यात गोठ्याजवळ कडबा असतोच. पत्र्याच्या डब्यात एक दिवस गार होऊ द्यावी. मग चाळून भांडी घासायला, वाफ्यात टाकायला, किंवा बियाण्याला चोळायला ठेवावी. आमच्याकडे मुगाचे बियाणे राखेतच राहते.