टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण : अहवालातील आकडा कसा वाचावा?

रक्ततपासणीच्या अहवालात टेस्टोस्टेरॉन 'कमी' असे छापून आले, की पुष्कळ पुरुष त्या एका आकड्यावरून आपल्या पुरुषत्वाचाच निवाडा करून मोकळे होतात. घरात हा विषय काढता येत नाही. मग एस.टी. स्थानकाजवळच्या भिंतीवर रंगविलेल्या जाहिरातीतील पत्ता शोधला जातो. शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडे लोक विश्वासाने सल्ला मागतात. त्यांना तरी या आकड्याचा अर्थ माहीत असणे इष्ट होय.

हे संप्रेरक मुख्यतः वृषणांत तयार होते. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे ते वळूच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. दाढी-मिशा, स्नायू, हाडांची बळकटी, कामेच्छा व शुक्रजंतूंची निर्मिती यांच्याशी त्याचा संबंध आहे.

रक्तातील त्याचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या शंभर कोटीव्या भागात मोजतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन व युरोपीय पाहणीनुसार १९ ते ३९ वर्षांच्या, स्थूल नसलेल्या पुरुषांत ते १०० मिलिलिटर रक्तात साधारणतः २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम आढळते. कक्षा किती रुंद आहे पाहा! एकाचे ३५० आणि शेजाऱ्याचे ८००, तरी दोघेही निरोगी असू शकतात. प्रयोगशाळेगणिक ही कक्षा थोडी बदलते, हेही ध्यानात ठेवावे.

शिवाय हे प्रमाण दिवसभर एकसारखे राहत नाही. तरुणांत ते सकाळी सर्वाधिक असते व सायंकाळपर्यंत उतरते. ताप, अपुरी झोप, स्थूलता, मधुमेह यांनीही ते घटते. वयानुसार तर हळूहळू घटतच जाते. म्हणूनच सकाळी उपाशीपोटी तपासणी करावी आणि आकडा कमी आल्यास दुसऱ्या दिवशी ती पुन्हा करावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. दोन्ही वेळा प्रमाण कमी आणि सोबत लक्षणेही असतील, तरच डॉक्टर कमतरतेचे निदान करतात. दुपारी चार वाजता एकदा घेतलेल्या रक्ताच्या आधारे उपचार सुरू करणे घाईचे ठरते.

खरा धोका या घाईतच आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले, की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वृषणांना आज्ञा देणे थांबविते आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते, प्रसंगी बंदच पडते. मूल व्हावे म्हणून इंजेक्शन घेणारा पुरुष अशा रीतीने मुलाची शक्यता स्वतःच दूर लोटतो. इंजेक्शने थांबविल्यावर ही निर्मिती बहुधा पूर्ववत होते. पण त्यास कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि तोवर मूल न होण्याचा दोष बहुतेक घरांत पत्नीच्या माथी मारला जातो.