गाडीत मुरवलेला गॅरेजचा रिमोट

अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांत सन व्हायझरवर, आतल्या आरशाच्या खालच्या कडेला किंवा छतातल्या दिव्यांच्या कन्सोलमध्ये तीन छोटी बटणे असतात. घराच्या गॅरेजचा दरवाजा गाडीत बसल्या बसल्या उघडायचा, एवढेच त्यांचे काम. व्हायझरला क्लिपने अडकवलेला सुटा रिमोट हरवतो, सीटखाली पडतो, ऐन पावसात त्याचा सेल संपतो. मुरवलेल्या रिमोटला यातले काही होत नाही, कारण तो गाडीच्या बॅटरीवर चालतो. कंपनीतून तो आलेला नसेल तर नंतरही बसवता येतो. तारा ओढून तो जागेवर बसवणे हे एखाद्या दुपारचे काम आहे. दरवाजाच्या मोटरशी त्याची ओळख करून देणे मात्र कधी पाच मिनिटांत होते, तर कधी अख्खा रविवार खाते.

अमेरिकी उपनगरांत गॅरेज घरालाच जोडलेले असते आणि घरच्या माणसांची रोजची ये-जा बहुतेक तिथूनच होते. छताकडे वर सरकणारा दरवाजा सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणला, तर तो उघडणारी विजेची मोटर १९२६ मध्ये. मोटरला रेडिओने हुकूम देणारे रिमोट पुढच्या काळात आले. हा रिमोट गाडीच्या अंतर्भागात सामावून घेण्याचे श्रेय मिशिगनमधल्या हॉलंड गावच्या प्रिन्स कॉर्पोरेशनचे. दिवा लागणाऱ्या सन व्हायझरमुळे नावारूपाला आलेल्या या कंपनीने त्याच व्हायझरमध्ये रिमोट बसवला. त्याचे नाव होमलिंक. १९९६ मध्ये ती कंपनी जॉन्सन कंट्रोल्सकडे गेली आणि २०१३ मध्ये होमलिंकचा व्यवसाय शेजारच्याच झीलंड गावच्या जेंटेक्सने ७० कोटी डॉलरला विकत घेतला. मागच्या गाडीच्या प्रकाशझोतात आपोआप मंद होणारे आरसे ही जेंटेक्सची खासियत. नंतर बसवण्यासाठी बाजारात मिळणारा होमलिंक आज बहुधा अशा आरशातच असतो.

हे यंत्र आधी ऐकते आणि मग बोलते. शिकवताना ते हातातल्या रिमोटचा संदेश टिपते, त्याची वारंवारता आणि संकेत ओळखते आणि बटण दाबल्यावर तोच संदेश आपल्या अँटेनातून सोडते. अमेरिकेतले गॅरेजचे रिमोट साधारण ३०० ते ३९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. होमलिंकचा आवाका २८८ ते ४३३ मेगाहर्ट्झ असतो. जुन्या रिमोटमध्ये आठ ते बारा छोट्या खटक्यांची रांग असे. त्यांच्या वर-खाली स्थितीवरून संकेत ठरे आणि तो कधीच बदलत नसे. बारा खटक्यांचे झाले तरी जेमतेम ४,०९६ संकेत. सामी कामकार या सुरक्षातज्ज्ञाने २०१५ मध्ये मुलांच्या एका बंद झालेल्या खेळण्यात फेरफार करून असे सगळे संकेत काही सेकंदांत पाठवून दाखवले. असा दरवाजा अजून वापरात असेल तर आरशावर खर्च करण्याआधी मोटर बदललेली बरी.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून बदलते संकेत आले. यात प्रत्येक दाबाला नवा संकेत जातो आणि एकदा वापरलेला संकेत मोटर पुन्हा स्वीकारत नाही. त्यामुळे नुसती नक्कल करून भागत नाही. गाडीतले यंत्र हातातल्या रिमोटवरून पद्धत तेवढी ओळखते. स्वतःची ओळख मात्र त्याला मोटरकडे वेगळी नोंदवावी लागते. सोसायटीत नवा भाडेकरू आला की वॉचमनच्या वहीत त्याचे नाव चढवावे लागते, तसेच हे. इतर कंपन्यांना अशा मोटरशी जुळणारा रिमोट बनवू द्यायचा की नाही, यावर मोटर बनवणारी चेंबरलेन आणि रिमोट बनवणारी स्कायलिंक या कंपन्यांत खटलाही झाला. २००४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने स्कायलिंकच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेला दरवाजा कोणत्या रिमोटने उघडायचा हे मालकाने ठरवावे, ही गोष्ट कोर्टात जावी लागते हेच नवल.

बसवण्याचे तीन मार्ग आहेत. त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीतला होमलिंकचा व्हायझर किंवा कन्सोल मिळाला तर तो सर्वांत सुबक; कित्येकदा छताच्या अस्तरामागे तारही आधीच आलेली असते. सुट्या रिमोटमधली सर्किटची पाटी काढून ती कन्सोलच्या रिकाम्या खाचेत बसवणे हा हौशी लोकांचा मार्ग. स्वस्त खरा, पण प्लास्टिक कापताना हात चुकला की कन्सोल गेलाच. सर्वांत रूढ मार्ग आरशाचा.

समोरच्या काचेला धातूचे एक छोटे बटण चिकटवलेले असते आणि आरसा त्यावर बसतो. काही गाड्यांत तो वर सरकवून निघतो, काहींत पाव वळसा द्यावा लागतो. पद्धत न बघता ओढला तर बटण काचेच्या टवक्यासकट हाती येऊ शकते. आरशामागे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असेल, तर नवा आरसा त्याच्या कव्हरला अडत नाही ना हे आधीच पाहावे लागते. नव्या आरशाला मुख्यतः तीन तारा लागतात: १२ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि रिव्हर्स गिअरचा संकेत. गाडी मागे घेताना आरसा मंद होऊ नये म्हणून ही तिसरी तार असते. गॅरेजच्या बटणांशी तिचा काही संबंध नाही. पुरवठा छतातल्या दिव्यापासून किंवा सनरूफच्या स्विचपासून घेता येतो, नाहीतर तार थेट फ्यूज बॉक्सपर्यंत न्यावी लागते. इग्निशन चालू असतानाच वीज येणारी जागा निवडावी. कायम वीज असेल, तर अंगणात उभ्या गाडीची काच फोडणाऱ्याला घराचा दरवाजाही उघडा सापडतो. शिकवलेले संकेत वीज गेली तरी पुसले जात नाहीत, म्हणून कायम पुरवठ्याची गरजही नसते. मूळ तार सोलून जोड देण्यापेक्षा फ्यूजच्या जागी बसणारा जोड-फ्यूज वापरणे चांगले, कारण तो काढला की गाडी पुन्हा होती तशी होते.

तार काचेच्या वरच्या कडेने छताच्या अस्तरात बोटाने ढकलत नेतात आणि बाजूच्या पिलरमधून खाली उतरवतात. जपायचे ते या पिलरपाशी. आजच्या बहुतेक गाड्यांत तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. तार तिच्या मागून न्यावी लागते. पुढून नेली तर अपघातात बॅग उघडताना अडू शकते किंवा तारच अंगावर फेकली जाऊ शकते. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटे थांबायचे आणि एअरबॅगच्या सहसा पिवळ्या असणाऱ्या जोडण्यांना हात लावायचा नाही. पिलरचे आवरण स्क्रूड्रायव्हरने उचकटले तर चरे पडतात. प्लास्टिकची चपटी पट्टी वापरली की क्लिपाही शाबूत राहतात.

शिकवणी गाडी गॅरेजबाहेर काढून करतात. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि दरवाजा मध्येच सरकला तर गाडीचे टप त्याखाली सापडते. कडेची दोन बटणे दाबून धरली की दिवा भराभर लुकलुकतो आणि आधीचे सगळे संकेत पुसले जातात. मग हातातला रिमोट बटणांपासून तीन ते आठ सेंटीमीटरवर धरून त्याचे आणि गाडीतले बटण एकदम दाबायचे. दिव्याची संथ लुकलुक जलद झाली की पहिला टप्पा संपला. कॅनडात रिमोटचा संदेश काही सेकंदांत आपोआप थांबतो, म्हणून तिथे रिमोट दर दोन सेकंदांनी पुन्हा दाबत राहावा लागतो. मोटर बदलत्या संकेतांची असेल तर स्टुलावर चढून छताला टांगलेल्या मोटरवरचे नोंदणीचे बटण दाबायचे आणि सुमारे ३० सेकंदांत गाडीतले बटण दोन-तीनदा दाबायचे. एक माणूस स्टुलावर आणि एक गाडीत असला की धावपळ वाचते.

चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरच्या मोटरवर नोंदणीच्या बटणाचा रंगच पिढी सांगतो: नारिंगी किंवा लाल असेल तर ३९० मेगाहर्ट्झ, जांभळे असेल तर ३१५, आणि पिवळे असेल तर २०११ नंतरची, एकाहून अधिक वारंवारतांवर बोलणारी. जुने होमलिंक पिवळ्या बटणाची भाषा समजत नाही. मग मध्ये दुभाष्याचे काम करणारा एक छोटा जोडडबा भिंतीवर लावावा लागतो. जांभळ्या पिढीच्या ३१५ मागे लष्कराचा हात आहे. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकी लष्करी तळांवर ३९० मेगाहर्ट्झच्या आसपास नवी रेडिओ यंत्रणा सुरू झाली आणि परिसरातल्या घरांचे रिमोट अचानक मुके झाले. तक्रारीला फारसा वाव नव्हता, कारण तो पट्टा मुळात सरकारी होता आणि रिमोट तिथे पाहुणे होते. पल्ला कमी पडण्याची घरगुती कारणेही असतात: मोटरमध्ये लावलेला साधा एलईडी दिवा रेडिओ संदेशात खरखर घालतो, आणि उष्णता रोखणारा धातूचा थर असलेल्या काचेमागून संदेश क्षीण होतो.

टेस्लाने हे सगळे पडद्यावर नेले. २०१९ मध्ये मॉडेल ३ मधून होमलिंक वगळून तो वेगळ्या पैशांत बसवून देण्याची सोय केली. त्याचा डबा पुढच्या बंपरमागे बसतो आणि घराजवळ येताच गाडी स्वतःच दरवाजा उघडते. भारतात या उपकरणाला जागाच कमी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत हॉर्न दिला की वॉचमन फाटक उघडतो, आणि रिमोटचे फाटक असते ते बहुधा बंगल्यांना. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची मात्र या बटणांशी रोजची गाठ असते.

कायम पाळायचा दंडक सुरक्षिततेचा आहे. १९९३ पासून अमेरिकेत घरगुती मोटरला अडथळा दिसताच दरवाजा उलटा फिरवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्यासाठी जमिनीपासून सहा इंचांच्या आत प्रकाशकिरणांचे सेन्सर बसवतात. १ एप्रिल १९८२ पूर्वीच्या मोटरशी होमलिंक जोडूच नये, असे माहितीपुस्तिका बजावतात, कारण त्यांत दरवाजा उलटा फिरवण्याची सोय नसू शकते आणि गाडीत बसलेल्या माणसाला दरवाजाखाली खेळणारे मूल दिसेलच असे नाही. गाडी विकताना कडेची दोन बटणे दाबून संकेत पुसावेत. गाडी चोरीला गेली तर पुसायला ती हातात नसते. तेव्हा मोटरवरचे नोंदणीचे बटण सुमारे सहा सेकंद, दिवा विझेपर्यंत, दाबून धरायचे. त्याने घरचे सगळेच रिमोट पुसले जातात आणि एकेक करून पुन्हा नोंदवावे लागतात.