दीड व्होल्टचा हट्ट

“चार्जिंगचे सेल गाडीत घाला हवं तर, पण रिमोटला नकोत. ते एक पॉइंट दोनचे असतात, रिमोटला दीडच लागतो.” खेळण्यांच्या दुकानात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता दुकानदाराने तोंड उघडायच्या आत मीच ते म्हणून टाकतो. परवा शेजारचे आजोबा नातवाची गाडी दाखवायला घेऊन आले, तर त्यांचंही तेच.

मी मीटर काढला. कोरा अल्कलाइन पेन्सिल सेल 1.6 व्होल्ट दाखवत होता. आजोबा खूश. मग त्यांच्याच रिमोटमधला, आठवडाभर नीट चालत असलेला सेल मोजला: 1.23. आजोबा गप्प.

अल्कलाइन सेलवर छापलेला दीडचा आकडा खोटा नाही, पण तो सेलच्या तारुण्यातला आहे. वापर सुरू झाला की व्होल्टेज उतरू लागतं आणि उतरतच राहतं. निम्मं आयुष्य सरतं तेव्हा तो सव्वाच्या आसपास आलेला असतो. पटत नसेल तर एनर्जायझर कंपनीचं ई91 या सेलचं माहितीपत्रक काढून बघा. त्याची क्षमता 0.8 व्होल्टपर्यंत उतरवून मोजलेली आहे. चार्जिंगचा निकेल मेटल हायड्राइड सेल याच्या उलट वागतो. चार्जरमधून निघाल्यावर थोडा वेळ तोरा मिरवतो, मग 1.2 ते 1.25 या पट्ट्यात बसतो आणि जवळजवळ संपेपर्यंत तिथून हलत नाही.

आता मला सांगा, 1.2 व्होल्टवर रिमोट बंद पडत असता, तर अल्कलाइन सेल निम्मा भरलेला असतानाच फेकावा लागला नसता का? असा रिमोट कुठला शहाणा बनवेल? 2.4 गिगाहर्ट्झ रिमोटच्या जातीची एनआरएफ24एल01 ही चिप घ्या. तिचा छापील तपशील आहे 1.9 ते 3.6 व्होल्ट. चार्जिंगच्या दोन सेलची बेरीज 2.4 होते. झालं.

चार्जिंगच्या सेलवर आक्षेप घ्यायचाच असेल, तर तो वेगळा आहे. साधे चार्जिंगचे सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात, आणि रिमोट बहुतेक काळ पडूनच असतो. दिवाळीच्या सुट्टीत खेळलेली गाडी मे महिन्यात काढली की सेल रिकामे. त्यावर उपाय म्हणजे कमी गळतीचे सेल. सान्योने 2005 मध्ये एनेलूप बाजारात आणले, तेव्हापासून ते मिळतात. नाहीतर रिमोटला सरळ अल्कलाइन घाला आणि चार्जिंगचे सेल गाडीसाठी ठेवा. मोटरला एकदम जास्त करंट लागतो, आणि तो देण्यात चार्जिंगचे सेल अल्कलाइनपेक्षा सरस आहेत.

“रिमोटला भारी सेल घातला की गाडी जोरात पळते.” नाही हो! रिमोट फक्त निरोप धाडतो, पळायची ताकद गाडीच्या पोटातल्या बॅटरीची. रिमोटचे सेल उतरले तर पल्ला कमी होतो आणि गाडी मध्येच ऐकेनाशी होते, एवढंच.

‘हेवी ड्यूटी’ छापलेले स्वस्त सेल दणकट नसतात. ते झिंक क्लोराइडचे, अल्कलाइनच्या निम्म्यानेही न टिकणारे. सेल उन्हात ठेवल्याने किंवा दाताने चावल्याने तो भरत नाही. उष्णतेने रासायनिक क्रिया घटकाभर जोर धरते, इतकंच. त्यातून स्वस्त सेलमध्ये जस्ताचं डबडंच झिजत गेलेलं असतं, ते दाताखाली फुटायला वेळ लागत नाही. अल्कलाइन सेल गळल्यावर जमणारी पांढरी पूड ‘ॲसिड’ नव्हे, अल्कली आहे. तिच्यावर खायचा सोडा कशाला चोळता? कापसाला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. आणि ‘जास्त व्होल्ट, जास्त रेंज’ म्हणत पेन्सिल सेलच्याच मापाचा 14500 हा लिथियम सेल रिमोटमध्ये कोंबणाऱ्यांना काय म्हणावं? तो एकेक 3.7 व्होल्टचा, दोन घातले की 7.4. वरच्या चिपची मर्यादा पुन्हा वाचा.

एका गैरसमजाची मात्र चेष्टा करवत नाही. छोट्या गाड्यांच्या रिमोटमध्ये बटण सेल असतो, आणि “संपलेलाच होता, मुलाने गिळला तर काय होतंय” असं घरोघरी समजतात. रिमोट चालवता येत नाही इतका उतरलेला लिथियम बटण सेलही अन्ननलिका जाळू शकतो. त्यासाठी तो फुटावा लागत नाही. ओल्या त्वचेतून करंट वाहतो, तिथेच अल्कली तयार होते आणि 2 तासांत गंभीर भाजतं. नुसता संशय असला तरी उलटी काढत बसू नका, रात्र असली तरी मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. आणि आज घरातल्या अशा रिमोटच्या झाकणाचा स्क्रू घट्ट आहे ना, तेवढं बघून घ्या.