कान फुटला म्हणून मूल बोलेना?

परळ, लालबाग, नायगाव, दादर या गिरणगावच्या पट्ट्यात तीन वर्षांचे मूल बोलत नसेल तर त्याच्या आईला तीन सल्ले हमखास मिळतात. सासू म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. शेजारीण म्हणते, जिभेवर वेखंड उगाळून लाव. आणि तिसरा कोणीतरी म्हणतो, लहानपणी याचा कान फुटला होता, पू यायचा, म्हणून हे बोलत नाही. कान बरा झाला की आपोआप बोलेल. हे तिन्ही सल्ले प्रेमापोटीच दिले जातात. पण तिन्हींचा अर्थ एकच, थांबा! आणि या थांबण्यातच त्या मुलाची मोलाची वर्षे वाया जातात.

तरीही तिसऱ्या सल्ल्याकडे आम्ही हसून दुर्लक्ष करणार नाही. कारण लहानपणीचे कानाचे दुखणे आणि ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, यांचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही गंभीरपणे विचारला आहे. मात्र शास्त्रज्ञ काय म्हणतात आणि चाळीत काय बोलले जाते, यातला फरक आपल्या समाजाने नीट समजून घेतला पाहिजे.

आधी कान समजून घेऊ. नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानात जाणारी एक बारीक नळी असते. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान मुलात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की जंतू सहज कानापर्यंत पोहोचतात. कान ठणकतो, ताप येतो, कधी पडद्याला भोक पडून पू वाहतो. हा झाला दिसणारा आजार. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. त्यात पडद्याच्या मागे चिकट पाणी साचते. दुखत नाही, ताप नाही, पू नाही. मूल फक्त कमी ऐकू लागते, कानात बोटे घालून ऐकावे तसे. बहुतेकदा हे पाणी तीन महिन्यांत आपोआप ओसरते, पण काही मुलांत ते टिकून राहते किंवा पुन्हा पुन्हा साचते. बोलणे शिकण्याच्या वयात मुलाला शब्दच अर्धवट ऐकू आले तर ते बोलणार कसे?

आणि हा आजार आपल्या देशात थोडाथोडका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ सालच्या अहवालात कान सतत वाहण्याच्या आजाराबाबत देशांची प्रतवारी केली, तेव्हा भारत चार टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेल्या सर्वात वरच्या गटात होता. या आजाराला गर्दी, धूर, कुपोषण आणि अपुरे उपचार कारणीभूत असतात, हे जगभर मान्य आहे. १६० चौरस फुटांच्या बीडीडी चाळीच्या खोलीत सात-आठ माणसे, त्यात कोणी विडी ओढणारा; अशा घरात एकाची सर्दी सर्वांची होते. म्हणजे कान हा फक्त कानाचा प्रश्न नाही, तो घराचा आणि मजुरीचाही प्रश्न आहे.

आता ऑटिझम. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकीय ओळख दिली. हा संसर्ग नाही, वेड नाही, कोणाचे पाप नाही. मेंदूच्या जडणघडणीतला हा वेगळेपणा आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती ऑटिस्टिक होती. एकेकाळी अमेरिकेतल्या नामवंतांनीही याचे खापर आईच्या कोरडेपणावर फोडले. ते साफ खोटे ठरले. पण आपल्याकडे आजही मूल बोलत नाही म्हणून सून दोषी ठरते!

दोन्हींचा संबंध शोधणारे एक मोठे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या परिसरात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांची माहिती त्यात तपासली गेली. मुले दीड ते साडेतीन वर्षांची असताना त्यांच्या आयांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या. मूल तोंडाने श्वास घेते का, घोरते का, कान ओढते का, कान लाल होतात का, कानातून पू येतो का? पुढे ज्या मुलांत ऑटिझमचे निदान झाले किंवा ठळक लक्षणे दिसली, त्यांच्यात या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त आढळल्या. त्याआधी १९८७ सालीही एका अभ्यासात ऑटिस्टिक मुलांना कानाचे आजार अधिक झाल्याचे दिसले होते.

मग कान फुटल्याने ऑटिझम होतो, असे सिद्ध झाले काय? मुळीच नाही. संशोधकांनीच तसे म्हटलेले नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असे होत नाही. ऑटिस्टिक मुलाच्या शरीराच्या ठेवणीमुळे त्याला कानाचा त्रास जास्त होत असेल, दोन्हींच्या मागे तिसरेच एखादे कारण असेल, किंवा कमी ऐकू आल्यामुळे आधीच असलेली अडचण अधिक वाढत असेल. आणि साधा विचार करा. तीन वर्षांच्या आत बहुतेक मुलांना एकदा तरी कानाचा संसर्ग होतो. त्याने ऑटिझम झाला असता तर प्रत्येक खोलीत एक ऑटिस्टिक मूल दिसले असते!

घाईने जोडलेल्या संबंधाची किंमत जगाने एकदा मोजली आहे. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या इंग्रज डॉक्टरने अवघ्या बारा मुलांच्या आधारे गोवराच्या एकत्रित लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला. ‘लॅन्सेट’ने तो लेख २०१० साली मागे घेतला, वेकफिल्डचा परवानाही गेला. पण भीती मागे राहिली आणि अनेक देशांत मुले लशीवाचून राहिली. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा मुले दगावली ती गरीब वस्त्यांतली. गोवराने कानाचा संसर्गही होतो. कानाच्या संसर्गाला कारण असलेल्या न्यूमोकोकस जंतूवरची लस २०२१ पासून देशभरातील सरकारी लसीकरणात मोफत आहे. म्हणून आम्ही ठणकावून सांगतो, लशीने ऑटिझम होत नाही. लशीने मूल वाचते आणि कानही वाचतो.

आमच्या मते खरा धोका दुहेरी चुकीत आहे. पहिली चूक, सगळा दोष कानावर टाकून ऑटिझमकडे पाहायचेच नाही. दुसरी चूक, ऑटिझमचा शिक्का बसला की कानाकडे पाहायचे नाही. दुसरी चूक शिकलेली माणसेही करतात. ज्या मुलाला ‘आई, कान दुखतो’ हे सांगता येत नाही, ते डोके आपटते, किंचाळते, रात्रभर जागते. ‘ही त्याची सवयच आहे’ असे म्हणून त्याला गप्प बसवले जाते. कोणी कानात गरम तेल ओततो, कोणी देवऋषाकडे अंगारा आणायला जातो. दुखणाऱ्या कानाला अंगारा कळत नाही!

मग करायचे काय? वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात हरवले असतील, तर थांबू नका. आधी नाक-कान-घसा विभागात कान तपासून घ्या आणि ऐकण्याची चाचणी करून घ्या. न बोलणाऱ्या, सहकार्य न करणाऱ्या मुलाचीही ‘बेरा’ चाचणी होते. त्यात मूल झोपलेले असतानाच ऐकण्याची नोंद घेतली जाते. त्याच वेळी बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणीही करून घ्या. एकीसाठी दुसरी अडवून ठेवू नका. कान वाहत असेल तर घरचे तेल घालू नका. बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजू नका. अंगावरचे दूध कानाच्या संसर्गापासूनही बाळाला जपते.

या सोयी आपल्या दारात आहेत. परळला केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय १९२९ पासून उभे आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाणी व श्रवण उपचारांचे शिक्षणच दिले जाते. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पण केसपेपरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, पुढची तारीख लांबची मिळते, आणि तिसऱ्या खेपेला तो येत नाही. मग ‘ऑटिझम बरा करतो’ म्हणणारे दुकानदार त्याला गाठतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेलचा उपचार करू नये असे स्पष्ट सांगितले. तरीही दागिने गहाण टाकण्यापूर्वी ही गोष्ट आईबापांना सांगणार कोण?

शासनाने २०१३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तीस आजारांची यादी आहे. त्या यादीत कानाचा संसर्ग आहे, ऐकण्यातील दोष आहे, भाषेचा उशीर आहे आणि ऑटिझमही आहे. कागदावर चारही प्रश्न एकत्र आले आहेत. ते अंगणवाडीत एकत्र आले पाहिजेत. १९९५च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझमला जागा नव्हती. २०१६च्या कायद्याने एकवीस अपंगत्वांत त्याचा समावेश केला. त्यामुळे चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘हे मूल आमच्या शाळेत बसणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही सरकारी वा अनुदानित शाळेला नाही. ही भीक नाही, हक्क आहे!

परळच्या बीआयटी चाळीत राहत असताना १९२६ साली बाबासाहेबांनी आपला लाडका राजरत्न गमावला. मूल गमावण्याचे दुःख त्या घराने एकदा नव्हे, अनेकदा सोसले. आज त्याच परळमध्ये औषध आहे, चाचणी आहे, कायदा आहे. कमी आहे ती माहितीची आणि सोबतीची. आमच्या विहारांतील महिला मंडळांनी, तरुणांच्या मंडळांनी जयंतीच्या खर्चातून एक दिवस बाजूला काढावा, वस्तीतल्या पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या कानाची आणि बोलण्याची तपासणी घडवून आणावी, आणि ज्या आईला रुग्णालयात एकटीने जायचे आहे तिच्यासोबत एक शिकलेली मुलगी पाठवावी. मूल का बोलत नाही याचे उत्तर डॉक्टर शोधतील. त्याला वेळेत त्यांच्यापर्यंत नेणे मात्र आपले काम आहे.