राखणदारच फितूर होतो तेव्हा

“मला कधी साधा ताप येत नाही, मग मला स्तनाचा कॅन्सर कसा होईल?” जळगाव-धुळ्याकडे आरोग्याचे व्याख्यान संपले की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. शरीराची प्रतिकार यंत्रणा केवळ जंतूंवर नव्हे, बिघडलेल्या स्वतःच्या पेशींवरही नजर ठेवते आणि पुष्कळांचा वेळीच निकाल लावते.

पण मायबहिणींनो, कॅन्सरची पेशी परकी नव्हे, घरातलीच. निंदणी करताना पिकासारखे दिसणारे तण हातून सुटते, तशी ती सुटते. ओळखू येणाऱ्या पेशी मारल्या जातात, उरतात त्या न ओळखू येणाऱ्या. पुढे तर त्या राखणदारालाच फितवतात. गाठीभोवती जमलेल्या भक्षक पेशी तिला खाण्याऐवजी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. सालदाराने कपाशी सोडून तणालाच पाणी द्यावे, तसा हा प्रकार!

पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत उंदरांच्या स्तनकर्करोगावर अनेक वर्षे संशोधन केले. काही जातींच्या उंदरांत हा रोग आईच्या दुधातून पिलात जातो, हे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. त्यामागे विषाणू निघाला. तो पिलाच्या आतड्यातल्या संरक्षक पेशींना चिथावतो, त्यांची संख्या वाढवतो आणि त्यांच्यावरच स्वार होऊन स्तनग्रंथीत पोचतो! ही गोष्ट उंदरांची. अंगावर पाजणाऱ्या आईने घाबरू नये. पाजण्याने तिचा धोका उलट थोडा कमीच होतो.

प्रतिकारपेशींना लागलेला ‘ब्रेक’ सोडवण्याच्या शोधाबद्दल अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यावर बेतलेली औषधे स्तनाच्या कॅन्सरमध्ये मुख्यतः ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारात वापरतात. ती फार महाग आहेत.

स्वस्त उपाय हाताचा आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याआधीच्या वयात तसा फायदा दिसला नाही. तरी गाठ, ओढलेली त्वचा किंवा स्तनाग्रातून रक्त दिसले, तर वय न पाहता जिल्हा रुग्णालय गाठावे. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि तापही येत नाही.